सागवानी चौकट आणि तिचा सुतार

जीर्णोद्धार समितीने स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी आज्ञा केली. माझे शिक्षण एस. एस. सी. पर्यंत, आणि रोजचा व्यवहार तालुका कचेरीतील दप्तराशी. तरी गाभाऱ्याची जुनी कोरीव चौकट उतरविली, तेव्हा ती विकून टाकावी असे काहींचे मत पडले, म्हणून हा विषय घेतला.

पेशवाईत आपल्या जुन्नरकडील सागवानाला मान होता. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला व २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीकडचा आणि सागवान जुन्नरच्या रानातले. पुणे येथून सुमारे ९० किलोमीटर. वाटेत मीना, घोड, भीमा, इंद्रायणी. आज एस. टी.त बसून तो विचारही मनात येत नाही.

गावचा सुतार मुळात बलुतेदार, थोरल्या कासेतला. नांगर, कुळव, पाभर, गाडीचे चाक ही त्याची वर्षभराची कामे. मोबदला खळ्यावरचे धान्य, कोठे थोडी इनाम जमीन. (ही सेवा इनामे १९५३ च्या कायद्याने गेली.) पेरणीच्या तोंडावर त्याच्या दारी औते भरून घेणाऱ्यांची गर्दी असे. वाड्याचे अगर देवळाचे कोरीव काम मात्र बलुत्यात नव्हे. त्याची मजुरी निराळी.

चौकटीचे काम सबुरीचे. ओले लाकूड पुढे तडकते, म्हणून ते आधी सावलीत मुरवावयाचे. मग करवतीने कापणे, वाकसाने तासणे, रंधा मारणे, आणि शेवटी पटाशीने वेलबुट्टी व वरच्या पट्टीवर मधोमध गणपती. सांध्यास खिळा नाही. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या भोकात बसवून लाकडी खुंटी ठोकलेली. हात चुकून एक पाकळी उडाली, तर ती पुन्हा चिकटविता येत नाही. बाजूचा सारा वेल तितका खोल उतरवावा लागतो.

एवढे करूनही नाव राहत नाही. शनिवारवाड्याच्या कामी देवाजी, कोंडाजी सुतार अशी दोन-चार नावे सांगतात, बाकीच्यांची तीही नाहीत. २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या. दिल्ली दरवाजावरील नगारखाना वाचला. त्याचे लाकडी खांब पुण्यास गेल्यावर अवश्य पाहावेत.

आपल्या चौकटीस वाळवी लागली होती ती फक्त खालच्या वीतभर भागास. हे गावच्या सुतारानेच दाखवून दिले. तेवढा भाग कापून त्याने जुन्या पद्धतीने, खुंटी मारून, नवे सागवान जोडले व चौकट सभामंडपाच्या दक्षिण दारास बसविली. त्याने मजुरी घेतली, म्हणून देणगीदारांच्या यादीत त्याचे नाव नाही, ते रीतसरच आहे. परंतु जोडाच्या आतल्या बाजूस त्याचे नाव व साल त्याच्याच हाताने कोरून घ्यावे, अशी विनंती मी केली. समितीने ती मान्य केली असून काम झाले आहे.