चौदा एप्रिलची रिलीज डेट

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची रिलीज डेट कायम पुढे सरकते. भीमगीतांच्या कॅसेटची मात्र पक्की असायची: १४ एप्रिल, बाबासाहेबांच्या जयंतीच्या आधी!

बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. कॅसेटचा सुकाळही त्याच दशकातला. बजाजनगरात कामगार आले, सोबत टेपरेकॉर्डर आले. आधी प्रल्हाद शिंदे, मग त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद. "यंदा नवीन काय?" ही विचारणा मार्चपासूनच.

पण वाट नुसत्या गाण्याची नव्हती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ चा, प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधली सोळा वर्षं लोकांना गाण्यांनीही धरून ठेवलं.

आता गाणं मोबाईलवर केव्हाही येतं. तरी एप्रिल जवळ आला की कान टवकारतातच!