बिनपगारी बंबवाले

आग लागली की बंब शहरातून येणार, असंच आपण लहानपणापासून धरून चालतो. मी राहते त्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात खेड्यातला बंब शेतकरी, शिक्षक, दुकानदार चालवतात, तेही बिनपगारी.

१३ जानेवारी १९३९ च्या ‘ब्लॅक फ्रायडे’च्या वणव्यांत ७१ माणसं गेली. न्यायमूर्ती स्ट्रेटन यांनी चौकशी केली. तरी गावोगावची विखुरलेली पथकं ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’च्या छत्राखाली यायला १९४५ उजाडलं.

मला त्याहून लिंटनची आग महत्त्वाची वाटते. २ डिसेंबर १९९८. वारा फिरला की वणव्याची लांबलचक बाजूच त्याचं तोंड होते. पाणी संपत आलेला एक बंब नेमका त्या बाजूला सापडला. पाच स्वयंसेवक गेले. त्यानंतर किमान प्रशिक्षण सक्तीचं झालं आणि टाकीत स्वतःच्या बचावापुरतं पाणी राखण्यावर भर आला. (आमच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी राखीव क्षमता ठेवतात. खर्चाला कात्री लागली की पहिली तीच जाते.)

आता खेड्यांतली तरुण मुलं शहरात जातात, पथकं म्हातारी होत चालली आहेत. मी अर्ज आणून ठेवलाय, अजून भरलेला नाही.