पायांनी मागितलेले दान



पहाटे तुतारी झाली की राहुट्या उतरतात, बिस्तरे ट्रकात पडतात आणि विणेकरी पुढे होतात. आपण चालू लागतो. शंभर वर्षे आपली दिंडी अशीच चालत आली. वाटेत कुणी शिवारात काम करणारा बाप्या थांबवून विचारतो, "माउली, एवढं चालून काय मिळतं?" आपण हसतो आणि पुढे जातो. ज्याला कळले त्याला सांगावे लागत नाही, आणि ज्याला कळले नाही त्याला सांगून उपयोग नाही, असे आपल्यातली जुनी माणसे म्हणत.

पण या शताब्दीच्या निमित्ताने तो प्रश्न थोडा वेगळा करून विचारावा असे आम्हाला वाटते. आपल्या चालण्याने दुसऱ्याला काय मिळते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच मातीतला एक चालणारा आठवतो. तो रोज चालला, तेरा वर्षे चालला आणि स्वतःसाठी काहीही न मागता चालला. ते म्हणजे आचार्य विनोबा भावे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, गाव गागोदे, आजच्या रायगड जिल्ह्यातले. संतांचे वाङ्मय त्यांना घरातच लाभले. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या अभंगांच्या निवडी त्यांनी पुढे स्वतः केल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. ते पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. म्हणजे माणूस परका नव्हे, आपल्याच ओसरीवरचा.

१९५१ च्या एप्रिलमध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदयाचे संमेलन होते. विनोबा वर्ध्याजवळच्या पवनारहून तिथे पायी निघाले. तेलंगणात तेव्हा जमिनीवरून रक्त सांडत होते. एकीकडे हत्यार घेतलेले कम्युनिस्ट, दुसरीकडे पोलीस आणि लष्कर, आणि मध्ये भरडली जाणारी गोरगरीब रयत. संमेलन आटोपल्यावर विनोबा त्याच भागातून गावोगाव हिंडू लागले.

१८ एप्रिल १९५१ रोजी ते नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीला पोचले. गावातल्या हरिजन कुटुंबांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. कसायला जमीन नाही, ऐंशी एकर मिळाली तर आमचा संसार उभा राहील, असे त्यांचे म्हणणे. सरकारकडे अर्ज करता आला असता. पण विनोबांनी जमलेल्या गावाकडेच वळून विचारले, की तुमच्यातले कुणी काही करू शकेल काय? रामचंद्र रेड्डी नावाचे एक जमीनदार उठले आणि म्हणाले, मी शंभर एकर देतो. मागितली होती ऐंशी, मिळाली शंभर. त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही म्हणतात. मागितले तर माणूस देतो, ही गोष्ट त्यांच्या मनाने धरली आणि दुसऱ्या दिवसापासून चालणे हेच त्यांचे मागणे झाले.

तेलंगणातल्या एक्कावन्न दिवसांत सुमारे बारा हजार एकरांची दाने मिळाली. पुढे ते पवनारहून दिल्लीपर्यंत चालत गेले. मग उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा, आंध्र, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, काश्मीर, आसाम. १९६२ मध्ये तर पूर्व पाकिस्तानातूनही ते पायीच गेले, आणि तिथेही लोकांनी जमीन दिली. एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले.

त्यांच्या दिवसाची रीत ऐकली की आपल्याला आपलीच दिंडी आठवेल. पहाटे तीनला उठायचे, प्रार्थना करायची आणि अंधारातच कंदील घेऊन निघायचे. दहा-बारा मैल चालून ऊन चढायच्या आत पुढच्या गावी पोचायचे. दुपारी गावकऱ्यांशी बोलणे, संध्याकाळी प्रार्थना आणि प्रवचन, मग दानपत्रे भरून घेणे. पोटाच्या जुन्या दुखण्यामुळे खाणे म्हणजे दूध-दह्यावर काय भागेल तेवढेच. बिहारात चांडिलला १९५२ च्या अखेरीस मलेरियाने अंथरुणाला खिळवले. बरे झाल्यावर पुन्हा चालणे सुरू.

मागण्याची तऱ्हाही ध्यानात ठेवण्यासारखी होती. ते जमीनवाल्याला सांगत, की तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. तो वाटा ते गरिबासाठी घेत. दान म्हणजे उपकार नव्हे, वाटून घेणे आहे, हा त्यांचा अर्थ. ज्याच्याकडे जमीन नाही त्याने काय द्यावे? त्याच्यासाठी श्रमदान होते. पैसेवाल्यासाठी संपत्तिदान होते, आणि त्यात मोठी मौज होती. विनोबा पैसा हातात घेतच नसत. मिळकतीचा ठरलेला हिस्सा देणाऱ्याने दरसाल स्वतःजवळ बाजूला काढायचा, सांगितलेल्या कामावर स्वतःच खर्च करायचा आणि हिशेब कळवायचा. पैसा देणाऱ्याकडे आणि साक्षी त्याचा देव. वर्गणीची पावतीपुस्तके सांभाळणाऱ्या आपल्या भिशीवाल्यांनी याचा जरूर विचार करावा!

आता पंढरपूर. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी आपल्या विठोबाच्या दारी उपोषण केले आणि हरिजनांना मंदिर खुले झाले, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. त्यानंतर अकरा वर्षांनी, मे १९५८ मध्ये, सर्वोदय संमेलनासाठी विनोबा चालत पंढरपूरला आले. त्यांचा एक नेम होता. आपल्यासोबतच्या ज्या माणसाला देवळात मज्जाव, त्याला बाहेर ठेवून आपण आत जायचे नाही. १९५३ साली बिहारात देवघरला हरिजनांसह दर्शनाला गेले तेव्हा त्यांना मार खावा लागला होता. जगन्नाथपुरीला सोबतच्या फ्रेंच बाईंना प्रवेश नाही म्हणून ते दारातूनच परतले होते. पंढरपुरात मात्र दार उघडले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सोबत्यांसह ते विठ्ठलासमोर उभे राहिले. पुरीला जे झाले नाही ते आपल्या पंढरीला झाले, याचा आम्हा वारकऱ्यांना अभिमान वाटला पाहिजे आणि त्याची जबाबदारीही वाटली पाहिजे.

इथवर सगळे गोड झाले. पण इतिहास सांगायचा तर पुढचेही सांगितले पाहिजे. पाच कोटी एकरांचा संकल्प होता. कागदावर मिळाली ती चाळीस लाख एकरांच्या पुढे. एवढी जमीन निव्वळ मागून मिळाली, अशी दुसरी गोष्ट सांगता यायची नाही. पण त्यातला मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोचलाच नाही. काही जमीन खडकाळ निघाली, काही नदीच्या पात्रातली, काही कोर्टकज्ज्यात अडकलेली. काहींनी भरसभेत दिली आणि घरी गेल्यावर मन फिरले. काही ठिकाणी बापाने दिलेले पोरांनी मानले नाही. राज्याराज्यांत भूदानाचे कायदे झाले, मंडळे झाली, तरी मोजणी, वाटप आणि नावावर करणे मागेच पडत गेले.

हे का झाले? आम्हाला एक कारण दिसते, आणि ते चालणाऱ्यांनाच दिसेल असे आहे. विनोबा आज ज्या गावी होते, त्या गावी उद्या नव्हते. पहाटे कंदील पुढे गेला. मागे राहिले ते दानपत्र. त्यामागे पाठपुरावा करणारी माणसे होती, पण गावे हजारो आणि माणसे थोडी. चालण्याने माणसाचे मन उघडते, पण ते उघडे ठेवायला कुणीतरी परत यावे लागते.

हे आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. आपल्या दिंडीचीही एक गोष्ट आहे. वाटेवरच्या एका गावात फार पूर्वी एका सज्जनाने आपल्या विसाव्यासाठी चार गुंठे जागा तोंडी दिली होती. जुन्या लोकांनी त्यावर पंगती बसवल्या, तिथे कीर्तने झाली. "माउलीच्या माणसाला कागद कशाला?" असे देणाराही म्हणाला आणि घेणाराही. पुढे देणारा वारला आणि सातबारावर आपले नाव कधी लागलेच नाही. आज ती जागा विकली गेली आहे आणि आपल्या बाया त्या मुक्कामी रस्त्याच्या कडेला चूल मांडतात. दोष त्या घराला देऊन काय उपयोग? तलाठ्याकडे जायचा कंटाळा आपणच केला.

तरी आपल्याजवळ एक गोष्ट आहे जी विनोबांजवळ नव्हती. वारी परत येते. त्याच तिथीला, त्याच वाटेने, त्याच गावात. गेल्या वर्षी "माउली, पोरीच्या शाळेचं मी बघतो" म्हणणारा माणूस यंदा पुन्हा आपल्याला पाणी पाजायला उभा असतो. त्याला विचारता येते, "काय झालं हो पोरीच्या शाळेचं?" असे प्रेमाने विचारणारा दरसाल दारात उभा राहिला, तर दिलेला शब्द मोडणे जड जाते.

म्हणून या शंभराव्या वर्षी आम्ही दिंडीपुढे एवढेच ठेवतो. आपल्या भिशीच्या वहीत ज्वारी-तांदूळ-गुळाची नोंद जशी होते, तसे एक पान दुसऱ्यांसाठी मागितलेल्या दानाचे असावे. कोणत्या गावात कुणाच्या गरजेसाठी कुणी काय कबूल केले, हे लिहावे. पुढच्या वारीला त्या मुक्कामी ते पान वाचावे. पुरे झाले असेल तिथे टाळी वाजवावी. राहिले असेल तिथे रागावू नये, पुन्हा मागावे. आणि जमिनीचा प्रश्न असेल तर हरिपाठानंतर सरळ तलाठ्याकडे जावे.

विनोबांनी पायांनी मागायला शिकवले. मागितलेले पोचवायचे काम अजून उरले आहे, आणि आपल्याला तर त्याच वाटेने पुन्हा जायचेच आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!