ज्येष्ठांमधील स्लीप ॲप्निया : लक्षणे आणि उपचार

झोपेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग वारंवार बंद होणे, हा स्लीप ॲप्नियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. श्वास दहा सेकंद वा अधिक काळ अडतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि झोप मोडते. तासाला असे ५ प्रसंग घडल्यास विकार सौम्य, १५ पासून मध्यम, तर ३० पासून तीव्र मानला जातो. घोरणे, रात्री वारंवार लघवीस उठणे, दिवसा डुलक्या येणे आणि विसरभोळेपणा यांना घरचे लोक वार्धक्य समजतात. त्यात झोपेची गोळी घेतल्यास श्वास अधिकच अडू शकतो.

निदान रात्रभराच्या निद्रातपासणीने होते. ऑस्ट्रेलियाचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली मांडलेली ‘सीपॅप’ पद्धती आजही मुख्य उपचार आहे. मास्कमधून येणारा हवेचा दाब घसा उघडा ठेवतो; मात्र यंत्र लावलेल्या रात्रीच त्याचा लाभ होतो. खालचा जबडा पुढे धरणारे उपकरण दातांवर बसते. म्हणून दात गेलेल्यांना ते सहसा उपयोगी पडत नाही.

हैदराबादेत आबिड्सलगतच्या कोठी भागात सरकारी कान-नाक-घसा रुग्णालय आहे. नाक-घशाच्या तपासणीपासून तेथे सुरुवात करता येते. रुग्णाचा श्वास अडताना पाहिलेली व्यक्ती सोबत असल्यास डॉक्टरांना नेमकी माहिती मिळते.