मानुष, गव्य व माहिष दूध : प्रथिनांच्या तुलनेचा इतिहास

महाड-पोलादपूरच्या ज्या डोंगरपट्ट्यात तळीये वसले आहे, त्या सह्याद्रीच्या पट्ट्यात गवळी धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली ती मुख्यतः म्हैस. मुंबईच्या तबेल्यांतही प्राधान्य तिलाच. दुधातील प्रथिनांची रासायनिक तुलना मात्र यूरोपात प्रथम झाली व तेथे गाय हेच मुख्य दुभते जनावर असल्याने ‘स्त्री आणि गाय’ ही जोडीच प्रमाण ठरली. आईच्या दुधाला मुकलेल्या अर्भकाला म्हशीचे दूध कितपत मानवेल, हा येथील प्रश्न त्या तुलनेत सहसा उद्भवलाच नाही.

चरकसंहितेतील आठ दुधांत मानुष दुधाचाही समावेश असून माहिष दूध गव्याहून गुरू सांगितले आहे. आधुनिक पृथक्करणाशी हे जुळते. परंतु तेवढ्यावरून चरकाला केसीन ठाऊक होते असे मानणे हा भाबडेपणा होय.

1838 मध्ये योहान फ्रान्झ सिमोन याने स्त्रीच्या दुधाचे पृथक्करण प्रसिद्ध केले. 1869 मध्ये फिलिप बीडर्टने भेद केवळ मात्रेचा नसून केसीनच्या गुणधर्मांचाही आहे असे प्रतिपादिले. आजच्या मापनानुसार शंभर ग्रॅम दुधात प्रथिने स्त्रीच्या सुमारे 1 ग्रॅम, गाईच्या सव्वातीन, तर म्हशीच्या चारच्या आसपास असतात. याहून महत्त्वाचे हे की, गाई-म्हशींच्या प्रथिनांत केसीन सुमारे 80 टक्के असते, तर स्त्रीच्या परिपक्व दुधात ते 40 टक्क्यांच्या जवळपास. उरलेली प्रथिने निवळीतील. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन तर स्त्रीच्या दुधात नसतेच.

म्हणूनच अर्भकासाठी म्हशीच्या दुधात पाणी घालण्याच्या घरगुती उपायाला मर्यादा पडते. प्रथिनांची मात्रा उतरते. केसीन व निवळी यांचे परस्पर प्रमाण तसेच राहते.

मुंबईत दारा खुरोडी यांनी 1946 मध्ये आणलेल्या टोन्ड दुधात म्हशीच्या दुधाचा स्निग्धांश उतरविला गेला. केसीनचा प्रश्न त्या योजनेचा नव्हताच. 1955 मध्ये आणंद येथे ह. म. दलाया यांच्या प्रयत्नांनी म्हशीच्या दुधाची भुकटी निघू लागली. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य संशोधन संस्थेने याच दुधापासून बालान्न सिद्ध केले. अन्यत्र निवळी मिसळून केसीनचे प्रमाण घटविण्याची पद्धत रूढ झाली. अर्थात ही निवळी जनावराच्याच दुधाची. तिच्यासवे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनही आलेच.