सारिन प्रतिबंधक कायदा, जपान
सारिन व तत्सम विषारी द्रव्ये बाळगणे हाच गुन्हा ठरविणारा जपानमधील कायदा (१९९५). जिनीव्हा येथील १९२५ च्या करारान्वये रासायनिक अस्त्रांचा युद्धातील वापर निषिद्ध झाला. ती बाळगण्यास मात्र मनाई नव्हती. जपानमध्येही सारिननिर्मितीवर थेट बंदी घालणारा कायदा नव्हता. ओम् शिन्रिक्यो पंथाने २७ जून १९९४ रोजी मात्सुमोतो येथे व २० मार्च १९९५ रोजी टोकिओच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडले. त्यात अनेकांचे प्राण गेले व हजारो लोकांना विषबाधा झाली. पुढच्याच महिन्यात हा कायदा संमत झाला. त्यानुसार सारिन सोडणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत, तर नुसते बाळगणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. प्रत्यक्ष प्राणहानी होण्यापूर्वीच शासनास कारवाई करता यावी, हे त्याचे मुख्य प्रयोजन होय.