टांग्यातला वाचक

सरका जरा. सीताबर्डीहून सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्या टांग्यातली चौथी सवारी तुम्ही. नागपूर, साल 1946. टेकायला बोटभर फळी मिळालीय. घोड्याच्या घामाचा आणि ओल्या गवताचा वास थेट नाकात शिरतोय, शेजारच्या टोपलीतली संत्री दर खड्ड्याला तुमच्या गुडघ्यावर आदळतायत. हातातल्या वर्तमानपत्राची शाई बोटांना लागते.

"काय छापलं जी आज?" टांगेवाला विचारतो.

तुम्ही मोठ्यानं वाचता. सरकारवर टीका, चांगली तिखट. एक सवारी मान डोलावते, दुसरी पानाची पिंक टाकते. "हाव ना बाप्पा," म्हणत टांगेवाला घोड्याला चुचकारतो. दगड कुणीच उचलत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

उतरा. समोर हेन्री मेड यांनी आखलेलं हायकोर्ट, घुमटाचं, अजून नवंकोरं. उन्हातून आत पाऊल टाकलं की फरशीचा गारवा तळव्यांना कळतो. पण गर्दी! काळे कोट घामानं पाठींना चिकटलेत, कागदांची सळसळ थांबत नाही. खटला भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार. प्रश्न असा, की छापलेल्या शब्दांचा परिणाम नेमका कुणावर मोजायचा?

न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बिपिन कृष्ण बोस यांचे नातू, मोजपट्टी ठरवतात. समंजस, खंबीर, धीट माणूस धरा. डळमळीत मनाचा नको, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाराही नको.

व्हरांड्यात एक म्हातारे वकील चिडलेत. "कुठल्या कलमात आहे हे? न्यायाधीशानं कायदा लावावा, रचू नये!"

आक्षेप हलका नाही. कायदा करायला लोक माणसं निवडून देतात, न्यायाधीश काही निवडून येत नाही. पण कलमानं वाचक कोण ते सांगितलंच नसेल, तर ती रिकामी जागा कुणीतरी भरणारच. न्यायाधीशानं भरली नाही, तर घाबरलेला अधिकारी भरेल. मी बोसांच्या बाजूचा.

तुम्ही तर पुढच्या काळातून आलात. 1988 मध्ये 'तमस' मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हीच नागपुरी पट्टी हाती घेतली आणि लंडनच्या बसमधल्या साध्या प्रवाशाचीही आठवण काढली. 2025 मध्ये एका कवितेवरून खासदार इम्रान प्रतापगढींवर झालेल्या प्रकरणात ती पुन्हा बाहेर आली. म्हाताऱ्या वकिलांना सांगून पाहा हवं तर.

बाहेर टांगा उभाच आहे.

"काय झालं जी कोर्टात?"

"तुमच्याबद्दल बोलत होते."

तो लगाम सैल सोडतो. "मंग वाचा नं पुढचं."